धुक्यातली शिट्टी

तुमी हसाल, पण भर दिवसा मी आन् माझे दाजी एकमेकांना बोलवता बोलवता हरवलतो.

दाजी गेवराईचे. कोल्हापूरला लग्नाला गेलतो, तर म्हणले, आलोच हाय तर आंबोलीकडचं जंगलातलं एखादं गाव बघून येऊ. त्यांचा गुडघा दुखतोय म्हणून बहिणीनं मला बजावलं, "त्यांना एकटं सोडू नको."

गावाबाहेरच्या रानात शिरलो आन् धुकं असं उतरलं की समोरचं झाड दिसंना. दाजी म्हणले, "चुकामूक झाली तर शिट्टी मार." जरा वेळानं मागं बघतो तर दाजी गायब!

मी शिट्टी मारली. डावीकडून उत्तर आलं. तिकडं गेलो, तर शिट्टी पुढून आली. "दाजी, थांबा की! कावून पळायलाव?" परत नुसती शिट्टी, तीबी मजेत. वरून एक शेकरू फांदी हलवत गेलं, तर माझा जीवच गेला. गुडघेदुखीचा माणूस एवढा पळतोय कसा? बहिणीला काय सांगू?

शेवटी एका वळणावर दाजी समोर आले. पायाला जळू चिकटलेली.

"किती पळवायलास बे मला?"

"मी? तुमीच पळायलाव!"

तेवढ्यात आमच्या मागून शिट्टी आली. दोघांनी एकमेकांचा हात धरला आन् गावाची वाट धरली.

गावात चहा देणाऱ्या मावशींनी सांगितलं, की माणसासारखी शीळ घालणारा तो पक्षी हाय.

दाजींनी कपातला चहा एका घोटात संपवला. मग म्हणले, "तू समजून त्याला मी लई शिव्या दिल्या. त्या तुझ्याच समज."