बोंबलांचं अंगण

माझं माहेर धाकटी डहाणू, खाडीकाठचं, आनि दिलं मला इथं डहाणूतच, आई हसून म्हनायची, होडीतनं उतरली नि सासरी पोचली. बाप होडीवर, नवरा होडीवर, आनि आमी बायका बोंबलावर. काय सांगू तुमाला, लग्न झालं नि दुसऱ्याच दिवशी सासूनं मला अंगनात नेलं, अंगन म्हंजे आमच्या आळीच्या मधली ती मोठी जागा, तिथं बांबू रोवून दोऱ्या तानायच्या, तिला वलांडी म्हनतो आमी, आनि दोन बोंबील घेऊन एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात अडकवून दोरीवर टाकायचे. येतं ना तुला, म्हनाली. येत नसतं तर माहेरी धाडली असती बहुतेक.

तर काय सांगत होते, नगरपरिषदेचं. आळी जुनी झाली, सुधारायची ठरली. वाईट कशाला बोलू, गटार बांधलं, पावसात घान घरात शिरायची ती थांबली, पत्रे बदलले, संडास झाले. तेवढंच करून गेले असते तर मी त्यांच्या नावानं दिवा लावला असता.

पन साहेब जागा बघायला आला तो पावसात. आता आमची रीत अशी, की पाऊस लागायच्या आधी होड्या वर ओढायच्या आनि वलांडी सोडायची, नायतर बांबू कुजतात, ते पडवीत आडवे ठेवायचे नि नारळी पुनव झाली की परत उभे करायचे. म्हंजे साहेबाला दिसलं काय, चिखल नि गवत. त्यानं विचारलं, ही रिकामी जागा कोनाची. सासू दारात बसलेली, ती म्हनाली, कोनाची नाय बाबा, सगळ्यांची. आमच्यात असंच बोलतात, त्या जागेला कुनी माझी म्हनत नाय, माझी म्हननारीच्या बोंबलाला अळ्या पडतात म्हने. साहेब म्हनाला, बरं झालं, वाद नाय.

एका पावसात बघून गेले, दुसऱ्या पावसात काम केलं, आमाला वाटलं चिखलापुरती फरशी घालतायत, बांबूपुरती जागा सोडतील. पुनवेनंतर आमी बांबू घेऊन बाहेर आलो तर रोवायचे कुठं, खाली सगळे पेव्हर ब्लॉक. सगळ्या बायका ऑफिसात गेलो, साहेब सासूला म्हनतो, मावशी, तुमीच बोललात ना सगळ्यांची, आता झाली बघा सगळ्यांची. बाग केली, बाक टाकले, वास येतो म्हनून बोंबील वाळवायला बंदी. आनि भिंतीवर चित्र काय काढलं, तर वलांडी नि बोंबील. लोकं येऊन त्याच्यापुढं फोटो काढतात. मला राग येतो, खरं सांगते, एकेकदा वाटतं शेन फासावं त्या भिंतीला.

सासू आता दारात बसत नाय. म्हनते, माझ्या तोंडानं गेली जागा. मी म्हनते, आय, तू खोटं काय बोललीस, पन तिला पटत नाय, भाकर पन अर्धीच खाते.

घरापुढं दोरी बांधून बघितली, ऊन नाय, वारा नाय, माल कुबट झाला. आता गुजरातकडनं टेम्पो येतो, त्याच्याकडनं सुके बोंबील घेते नि वाणगावच्या बाजारात बसते. गिऱ्हाईक विचारतं, मावशी, घरचेच ना. मी म्हनते, घरचेच.

थांबा, थोडे बांधून देते, मुलाबाळांना तळून घाला, सुखी राहा. घरचे नायत, तुमाला खोटं नाय सांगत.