चादरवाल्याचा निरोप मी टाकला

नाव उम्मेहानी मकबूल बागवान, वय ७२ (आधार कार्डावर ६९ आहे, ते मी लिहिलेलं नाही), धंदा घरकाम, शिक्षण नाही, राहणार वारजे, पुणे.

समक्ष हजर राहून सांगते, की मी वरील ठिकाणी बावीस वर्षं राहते. सोसायटीत कोणाला कामवाली हवी, डॉक्टर हवा, की माझी कडी वाजायची. चार वर्षांपूर्वी समोरच्या निवृत्त शिक्षिका मंदाकिनी लेले यांनी मोबाईलवर सोसायटीचा ग्रुप काढला. तेव्हापासून कडी वाजत नाही.

सदर बाई ग्रुप फुकट सांभाळतात. ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला टाकता येतं. बाकीच्यांचे निरोप त्या आधी स्वतः ऐकतात, चौकशी करतात, मग टाकतात. लोक त्यांना जिन्यात थांबून नमस्कार करतात. मी रुसले म्हणून मार्चमध्ये त्यांनी मला अ‍ॅडमिन केलं. म्हणाल्या, "भाभी, टाकण्याआधी मला विचारा हं." मी म्हटलं, "विचारूनच टाकायचं तर अ‍ॅडमिन कशाला केलंत?"

रविवारी सकाळी साडेदहाला भाचीने आवाजी निरोप पाठवला, की चादरी विकणारा माणूस मुलं पळवतो. एकदा तरी बातमी माझ्याकडून आधी जावी, म्हणून न विचारता ग्रुपवर टाकला.

पावणेअकराला चादरवाला सुखदेव गेटवर आला. तो दर महिन्याला येतो. माझ्या पलंगावरची चादर त्याचीच आहे. निरोप ऐकलेल्या सोसायटीतल्या चौघांनी त्याला मारलं. मंदाकिनीबाई धावत जाऊन मध्ये पडल्या, त्यांचं मनगट मोडलं. सुखदेवच्या डोक्याला सहा टाके आहेत. मी गॅलरीत होते. खाली गेले नाही.

हवालदारसाहेबांकडून समजलं, की मंदाकिनीबाईंनी जबाबात लिहून दिलंय, "भाभींना वाचता येत नाही, त्यांना काय कळणार? अ‍ॅडमिन मी केलं, दोष माझा."

साहेब, ते खोटं आहे. निरोप वाचायचा नव्हता, ऐकायचा होता. माझे कान चांगले आहेत. ग्रुप त्यांचा, नमस्कार त्यांना, मनगटही त्यांचंच मोडलं. आता माझा गुन्हाही त्यांनीच घ्यायचा? तो मी देणार नाही.

जबाब हवालदारसाहेबांनी दोनदा वाचून दाखवला. दोषींच्या ओळीत मंदाकिनीबाईंचं नाव माझ्याआधी होतं, ते खोडायला लावलं. आता मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. अंगठा माझा.