एक थेंब जास्त

…हसा म्हणे! अहो, माझ्या प्रयोगशाळेच्या दारावर पिवळा कागद डकवून गेले, ‘हसा, तणाव पळेल!’ आणि प्राचार्य मला काय म्हणतात? “काकाऽ, नापास झालेल्या मुलांना जरा सकारात्मक करा, तुमच्याकडे काय, वेळच वेळ!” वेळ? एकतीस वर्षं पोरांनी फोडलेल्या काचा वेचतोय मी, ब्युरेटकाका नाव पडलंय माझं, वेळ कुठला? पण म्हटलं सांगितलंय ना, आता करूनच दाखवतो! ओता, धुवा, पुन्हा भरा!

ही काय भानगड? तुम्हाला सांगतो. ब्युरेट म्हणजे उभी काचेची नळी, खाली तोटी. थेंब थेंब सोडायचे, खालच्या चंबूतलं पाणी फिकट गुलाबी झालं की तोटी बंद. एक थेंब जास्त गेला की भडक, सगळं वाया! मग रडत बसायचं नाही. ओता, धुवा, पुन्हा भरा.

तर पहिलीच आली ती आमची मैना. नावालाच मैना, वर्षभरात चार शब्द बोलली असेल! प्रॅक्टिकलला हात थरथरला, तिन्ही वेळा भडक, नापास. आणि हातात काय? कॉलेज सोडायचा अर्ज! त्यावर काचसामान परत केल्याची माझी सही लागते. “काका, सही द्या ना… मला नाहीच जमणार. घरीही सांगितलंय.”

काळजात चर्र झालं हो! पण मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, “देतो सही, आधी हे बघून जा. सोपं असतं गं!” सोडली तोटी ऐटीत… आणि भडक! चष्मा पुसला, पुन्हा भरलं. भडक! तिसऱ्यांदा… अहो, भडकच! आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एकतीस वर्षं धुवायचं आणि भरायचं काम माझं, तोटी सोडायची पोरांनी! मी ती जन्मात कधी सोडलीच नव्हती!

“काका, शांत व्हा.”

“मी शांतच आहे!” मी असा ओरडलो की खिडकीतली कबुतरं उडाली. पण सोडतो होय? चौथा चंबू, पाचवा… सगळे भडक! शेवटी मैना म्हणाली, “सरका बघू. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? ओता, धुवा, पुन्हा भरा.” आणि मला धीर देता देता तिनेच तोटी धरली. हात? दगडासारखा स्थिर! टप… टप… बंद. फिकट गुलाबी!

मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू! म्हटलं, “पोरी, आमच्याकडे ब्युरेटचं पहिलं रीडिंग कच्चंच धरतात, मोजत नाहीत. परीक्षेतलं ते तुझं कच्चं होतं.”

तिने अर्जाची घडी घातली, दप्तरात कोंबली. म्हणाली, “सही राहू द्या. फेरपरीक्षा कधी आहे?”

आणि नेमके तेव्हाच प्राचार्य दारात! बघतात तर काय, पाच भडक चंबू, घामाघूम मी, डोळ्यांत पाणी, आणि मैना माझी पाठ थोपटतेय.

दुसऱ्या दिवशी पिवळ्या कागदाखाली प्राचार्यांची नवी यादी लागली. धीर देणार : मैना. धीराची गरज असलेले, क्रमांक एक : ब्युरेटकाका! दर सोमवारी, चार वाजता.

जातो आता. करणार काय… चंबूसुद्धा घरून धुऊन आणायला सांगितलाय तिने.