कानामागची चाचणी

(त्वचेच्या डॉक्टरबाईंची तपासणीची खोली. खुर्चीत धाकटी, दोन्ही गालांवर औषधाची ओली जाळी. शेजारी तिची जुळी बहीण, थोरली.)

डॉक्टर : ...आणि फोड फोडायचे नाहीत, नखसुद्धा लावायचं नाही. पण मला हे कळतच नाहीये हो! चेहऱ्यावरचे ठिपके घालवायला कित्येकांना लेझर केलंय मी. बारीक खपल्या धरतात, गळून पडतात. इतकं भाजलेलं कधी बघितलं नाही.

धाकटी : मशीन बिघडलं असेल.

डॉक्टर : तपासून घेतलं, ठणठणीत आहे. शिवाय आधी कानामागे लेझरची चाचणी घेतली होतीच की. काहीसुद्धा त्रास झाला नव्हता. जरा मान वळवा बघू.

थोरली : डॉक्टर, तिला दुखतंय. नंतर बघा ना.

डॉक्टर : कानाला काय झालंय? ...अहो, इथे खूण कुठेय? दुसरा कान दाखवा. इथेही नाही! फिकट गोल तरी दिसायला हवा.

धाकटी : ताई, सांगून टाक.

थोरली : इथे आहे. माझ्या कानामागे.

डॉक्टर : काय?

थोरली : हिला सुट्टी मिळेना, म्हणून चाचणीला मी आले. लहानपणापासून आम्ही एकमेकींच्या जागी जातो. तोंडी परीक्षासुद्धा दिल्यात. म्हटलं, चेहरा तोच, ठिपके तेच, कातडी काय वेगळी असणार?

डॉक्टर : अहो, पण मी विचारलं होतं, उन्हात असता का म्हणून!

थोरली : मी माझं खरं ते सांगितलं. दिवसभर ऑफिसात असते.

डॉक्टर : आणि ह्या?

धाकटी : मी पोहायला शिकवते. उघड्या तलावावर.

डॉक्टर : अरे देवा! म्हणजे रापलेल्या कातडीवर मी... बाई गं, ठिपका कुठला आणि उन्हाचा रंग कुठला, ते लेझरला कळत नाही. ते दोन्ही भाजून काढतं. हा रंग उतरेपर्यंत मी हात लावला नसता. लेझरच्या दिवशी तुम्ही काळवंडलेल्या वाटलात मला. वाटलं, आणि तरी विचारलं नाही. माझंही चुकलंच.

धाकटी : डाग राहतील?

डॉक्टर : काळे पडतील ते हळूहळू जातील, ऊन टाळलंत तर. जिथला रंगच गेलाय, तिथलं मी आज काही सांगू शकत नाही.

थोरली : मला वाटलं, तुझी सोय करतेय. डॉक्टर, माझ्याही गालांवर चालवा ते!

डॉक्टर : काहीतरीच काय बोलताय!

धाकटी : गप बस, ताई. मीच पाठवलं होतं तुला.

थोरली : आईला काय सांगायचं?

धाकटी : दारात गेलो की तिलासुद्धा दरवेळी विचारावं लागतं, यातली कोण कोणती म्हणून. आता नाही विचारावं लागणार.