चौथ्या मजल्यावरचं एक टेबल

मंगळवारी सकाळी साडेनऊला ओमाहातल्या एका विमा कंपनीचा डेटाबेस सर्व्हर या आठवड्यात दुसऱ्यांदा गुदमरला. दावे विभागातली लॉर्ना तेव्हा तळमजल्यावर कॉफीच्या रांगेत होती. तिच्या पुढे सर्व्हर सांभाळणारे दोघे उभे होते, वेंडेल आणि मरीसोल.

"मेमरी कमी पडतेय, मरीसोल. आणखी घेऊ या."

"गेल्या वर्षी दुप्पट केली, तीही गिळली ना त्याने?"

"मग बंद करून पुन्हा सुरू करतो."

"रोज तेच करतोस आणि पुरावा धुऊन टाकतोस! आज हात लावू नकोस. मेमरी कोण अडवून बसलंय, ते मी पाहिलंय."

"कोण?"

"एकच महाभाग. रोज सव्वानऊला वीस वर्षांचे सगळे दावे मागवतो, तेही तारखेच्या क्रमाने. ते लावायला सर्व्हर निम्मी मेमरी त्याच्या एकट्यासाठी राखून ठेवतो. बाकीचे बसतात ताटकळत."

"वीस वर्षांचे? वाचतो कधी?"

"वाचतो कसला! मागवतो आणि कॉफीला जातो."

"नाव सांग, बाई."

"नाव नाही कळलं. चौथा मजला, खिडकीजवळचं टेबल."

"साहेब म्हणालेत, सापडला की त्याचा प्रवेशच बंद."

"आधी कॉफी घे. चोर कुठे पळतोय?"

लॉर्नाने रांग सोडली आणि जिना गाठला. खिडकीजवळच्या आपल्या टेबलापाशी पोचली तेव्हा पडद्यावर चक्र फिरतच होतं. तिने 'थांबवा'चं बटण दाबलं. तिथेही चक्र फिरू लागलं.

मागे लिफ्टची घंटी वाजली.