सहावा रकाना

—नाही हो, सर्व्हेवाला नाही मी, वय बघा की माझं. सर्व्हेवाले टॅब घेऊन येतात आणि अर्ध्या तासात जातात. मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त क्लार्क, माझ्याकडे पुठ्ठा, कागद आणि पेन्सिल. बसा ना. बाकडं राहिलभाईच्या दुकानाचं आहे, तो काही म्हणत नाही — म्हणजे म्हणतो, "काका, गिऱ्हाइकापेक्षा तुम्हीच जास्त बसता" — पण चहा देतो. पलीकडे जायचंय? मग बसाच. सिग्नलमधला तो हिरवा माणूस आत्ता लागून गेला ना, नऊ सेकंद असतो. आधी अठ्ठावीस होता. गेल्या महिन्यात नियम बदलला — गाड्या तुंबतात म्हणून चालणाऱ्यांची एकोणीस सेकंदं काढून गाड्यांना दिली, आणि डावं वळण कायमचं मोकळं. उरणकडे जाणारे कंटेनर आता थांबतच नाहीत. कोंडी फुटली, नाही कोण म्हणतो? पेपरात फोटोसुद्धा आला, मोकळ्या नाक्याचा.

कोणाच्या डोक्यातून निघालं म्हणता? माझ्या. हसू नका. नियम मी नाही केला, पण वाहतूक शाखेच्या साहेबांच्या टेबलावर तक्ता माझा होता. रोज संध्याकाळी हॉर्न ऐकून डोकं उठायचं, म्हणून याच बाकड्यावर बसून तीन आठवडे गाड्या मोजल्या — दुचाकी, रिक्षा, कार, बस, अवजड. पाच रकाने, तारीखवार, खाली बेरीज, एक खाडाखोड नाही. साहेब म्हणाले, असा तक्ता आमच्याकडे कोणी करत नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य ऐकलं नव्हतं, विरघळलो. चालणाऱ्यांचा रकानाच आखला नाही, हे नियम लागू झाल्यावर लक्षात आलं — तेही अरुंधतीमुळे. अरुंधती म्हणजे माझी बायको. गुडघा बदललाय तिचा. समोर तो फिजिओथेरपीचा निळा बोर्ड आहे ना, तिथे व्यायामाला जायची, आठवड्यातून तीनदा, काठी टेकत, बावीस सेकंदांत. आता नऊ सेकंदांत दुभाजकापर्यंत पोचते आणि तिथेच उभी, दोन्हीकडून कंटेनर. दोनदा उभी राहिली, तिसऱ्यांदा घरातून निघालीच नाही. रिक्षा? पाय दुमडत नाही हो, चढणार कशी? डॉक्टर म्हणतात, महिनाभरात गुडघा वाकला नाही तर तसाच राहील. ती रोज विचारते, हा नियम कुठल्या शहाण्याने काढला असेल? मी पेपर वाचत असतो.

साहेबांकडे परत गेलो की. भला माणूस, चहा मागवला. म्हणाले, चालणाऱ्यांचे आकडे आणा, वेळ वाढवू. म्हणून हा सहावा रकाना. आज चौथा दिवस. बघा — शून्य, शून्य, दोन, शून्य. नऊ सेकंदांत जाणार कोण? मोरा बंदरावरची रंभा, मासळीवाली, रोज टोपली घेऊन या बाजूला यायची, परवा बाजारात भेटली तर म्हणते, "मास्तर, आमी आता तिकडं येत नाय. नऊ सेकंदान टोपली सांभालू का जीव?" मी मास्तर नाही, पण कागद घेऊन बसलेला माणूस तिच्या लेखी मास्तरच. तर माणसं जात नाहीत म्हणून आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून वेळ नाही. हा तक्ता नेला तर उरलेली नऊही काढतील.

खोटा आकडा? सुचलं होतं. काल चाळीस लिहिले, मग खोडले. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही — चार तिरका आला. तिरका चार घेऊन साहेबांसमोर कसं जाणार?

पण तुम्ही जाणार ना? पाय चांगले आहेत तुमचे, आत्ता हिरवा लागेल, एक तरी — हे काय, रिक्षाला हात केलात? समोरच तर जायचं होतं तुम्हाला. नाही, नाही, बरोबर आहे तुमचं, घरी माणसं असतील. बसा रिक्षात. माझ्याकडे काय बघताय, मागचा हॉर्न वाजवतोय. जा तुम्ही. मला लिहू द्या.