फिरकीला गुंडाळलेली लोकर

ताई : अरे, पण अजून किती वेळ थांबायचं? सूर्य काय तुझ्या सोयीने उगवणार आहे?

धाकटा : उगवलाय, ताई. नुसता इथवर पोहोचायचाय. बघ ना, आधी समोरच्या गच्चीवरच्या टाकीला ऊन लागतं. मग ते भिंतीवरून घरंगळत खाली येतं आणि आपल्या खिडकीच्या गजांतून आत शिरतं. तेव्हा त्याला धड रंगसुद्धा नसतो. दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखं असतं. गजांच्या सावल्या फरशीवर लांब पडतात. मग तुझ्या शिलाई मशीनचं चाक उजळतं. सगळ्यात शेवटी ऊन टेबलाच्या कडेवर चढतं आणि थोडा वेळ तिथे आडवं पडून राहतं. बिल्ल्यावरची बारीक झीज त्या आडव्या उन्हातच दिसते. दिव्याखाली सगळेच बिल्ले नवे वाटतात.

ताई : आणि तोवर तुझा चहा गार होतो. पी आधी. प्रदर्शनवाले तुझी बिल्ल्यांची पेटी न्यायला दारात येऊन उभे राहतील, नि तू बसशील फरशीवरच्या सावल्या मोजत.

धाकटा : बाकीचे बिल्ले लावून झालेत. एक बाबांचा राहिलाय. त्याची चिठ्ठी तू लिहितेस? तुझं अक्षर वळणदार आहे.

ताई : गोड बोलून कामाला लावतोस. सांग.

धाकटा : लिही. सैन्याच्या मुख्यालयातील अधिकाऱ्याचा ओळखबिल्ला. चांदीवर सोन्याचं पाणी, मध्ये निळा मिना. उजव्या खिशावर लावण्याचा. मागे मळसूत्र आणि फिरकी. आघाडीवर वापरलेला.

ताई : काय वापरलेला?

धाकटा : आघाडीवर. थांबलीस का?

ताई : शाई वाळली. पुन्हा सांग, मुख्यालयाचा बिल्ला आघाडीवर कशाला जाईल?

धाकटा : मुख्यालयातल्यांनाही पाहणीला पाठवत असत. आणि मी हे हवेत बोलत नाहीये. इतकी वर्षं हे बिल्ले जमवतोय, त्यांची झीज वाचतोय. टेबलाशी बसणाऱ्याच्या बिल्ल्याची खालची कड झिजते, कारण माणूस लिहायला वाकला की ती टेबलाला घासते. बाबांच्या बिल्ल्याची खालची कड बघ, कोरी करकरीत. झिजलाय तो वरचा कोपरा. सोन्याचं पाणी पार उडालंय, मिना आंधळा झालाय. तिथे काहीतरी सतत घासत होतं. दुर्बिणीचा पट्टा.

ताई : हे तुला कुणी सांगितलं?

धाकटा : दोन जाणकारांना पत्रं लिहिली होती. दोघांनीही शक्य आहे असं कळवलं.

ताई : शक्य तर काय, सगळंच असतं. खालची कड कोरी, कारण बाबा बसायचेच नाहीत. नकाशांच्या खोलीत होते ते. दिवसभर भिंतीसमोर उभे राहून नकाशांवर टाचण्या हलवायच्या. संध्याकाळी पालथे पडायचे आणि मला पोटऱ्या तुडवायला लावायचे. अजून जोरात, अजून जोरात! मी तेव्हा केवढीशी. माझे पाय दुखायचे, त्यांचे थांबायचे.

धाकटा : ते सुरुवातीला असेल. माझ्या जन्मानंतर ते आघाडीवर होते.

ताई : तुझ्या जन्मानंतर ते तुझ्या पाळण्यापाशी होते.

धाकटा : ताई, थट्टा नको. बिल्ला उलटा कर. फिरकी दिसते? तिच्याभोवती धागा गुंडाळलाय, पिवळट, जाडसर. फिरकी सैल झाली, हाताशी काही नव्हतं, म्हणून मिळेल त्या धाग्याने घट्ट केली. छावणीतली दुरुस्ती आहे ती. घरी असते, तर सोनाराकडे नसते का गेले?

ताई : छावणीतली! अरे शेंडेफळा, आईने केलीय ती दुरुस्ती. या घरात, याच खिडकीत बसून.

धाकटा : आईने?

ताई : तुझ्यामुळे. बाबा दारात आले की तू हात पसरायचास. आई ओरडायची, अहो, आधी गणवेश तरी उतरवा! पण ऐकतंय कोण? तुला उचलून उजव्या खांद्याशी धरायचे. आणि तू, दात येत होते तुला, खाली तोंड घालून तो कोपरा चोखत बसायचास. रोज. लाळेने खिसा भिजून काळा व्हायचा. एकदा फिरकी निघून खाली पडली, ती तू तोंडात घातलीस. आईने बोट घालून काढली, नि मग तुझ्या टोपड्यातून उरलेली लोकर तिच्यावर गुंडाळली. म्हणाली, चोख आता हवा तेवढा.

धाकटा : ही ऐकीव गोष्ट झाली.

ताई : ऐकीव कसली? तुझं तोंड मी धरलं होतं! माझ्या बोटाला चावलासही.

धाकटा : मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

ताई : तू विचारलंस कधी? काखेत कळसा नि गावभर पत्रव्यवहार. आणि आईच म्हणाली होती, राहू दे. पोराला वडील लढाईतले वाटतात, तर वाटू देत. काविळीने गेले हे सांगून काय मोठं होणार आहे?

धाकटा : पण मला आठवतं, ताई. बाबा दारात उभे आहेत. गळ्यात दुर्बीण आहे. मागून उजेड येतोय, त्यामुळे चेहरा दिसत नाही. निघालेत. मी हे स्पष्ट पाहिलंय.

ताई : दिवाणखान्यात तो फोटो होता ना, आता जुन्या पेटीत आहे, तो आठवतोय तुला. दुर्बीण शेजारच्या काकांची, पक्षी बघायला आणलेली. बाबांनी हौस म्हणून गळ्यात घातली. फोटो मी काढला, म्हणून तर चेहरा काळा आलाय. त्यावरून आईची बोलणीही खाल्ली मी.

धाकटा : पुरावा लागतो, ताई. नुसत्या सांगण्यावरून...

ताई : थांब इथेच.

(ती कपाटाच्या तळातून एक पिवळं लोकरीचं टोपडं आणते आणि बिल्ल्याशेजारी ठेवते. ऊन एव्हाना टेबलाच्या कडेवर चढलेलं आहे. दोन्ही वस्तूंवर सारखंच पडतं.)

ताई : बघ. तुझं आडवं ऊन आलं. लोकर तीच आहे की नाही, ते तूच सांग. त्यातलं तुला जास्त कळतं.

धाकटा : तीच आहे. पीळ तोच. रंगही, जिथे उजेड लागला नाही तिथे, तोच.

ताई : मग रडवेला का होतोस? तुझ्या सगळ्या पेटीत असा एक तरी बिल्ला आहे का, पोराने चोखलेला? लढाईवरून घरी न आलेल्यांचे ढीगभर असतील.

धाकटा : तुला नाही कळायचं. आघाडीवर होते, म्हणजे दूर होते. दूरचा माणूस आठवला नाही, तर त्यात कुणाचा दोष नसतो. म्हणून मला ते दूर हवे होते.

ताई : अरे, ते गेले तेव्हा दोन-अडीच वर्षांचा होतास तू. कुणाला काय आठवतं?

धाकटा : रोज मला खांद्यावर घेत होते ते. सोनं झिजलं तेवढ्याने. चांदीवर खूण राहिली.

ताई : जिना वाजतोय बघ. आले वाटतं पेटीवाले. चिठ्ठीवर काय करू, आघाडीवर खोडू?

धाकटा : खोड.

ताई : खोडलं. आणि त्या जागी?

धाकटा : लिही, मुख्यालयातील नकाशांच्या खोलीत वापरलेला. वरच्या कोपऱ्यावरची झीज घरची. फिरकीवरची लोकर काढू नये.

ताई : एवढंच?

धाकटा : चिठ्ठीवर एवढंच. ताई, मला बाबा आठवत नाहीत.